वाचकांचे प्रश्न : सुपरहिरो कॉमिक्समधले क्रॉसओव्हर कुठून आणि कसे वाचायचे?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांचे मोठे क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मासिक मालिकांतले नायक एकाच कथेत एकत्र येतात ते प्रसंग, वाचायचे तर सुरुवात कुठून करायची आणि गोंधळ कसा टाळायचा? निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : थॅनॉसचे सिनेमे पाहिले. आता मूळ कॉमिक्स वाचायचं आहे. ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ हाती घेतलं तर थॅनॉसकडे पहिल्या पानापासूनच अमर्याद शक्ती देणारी सहाही रत्नं आहेत. माझ्या प्रतीत आधीचा भाग गळला आहे का?

उत्तर : प्रत पूर्ण आहे. ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ ही १९९१ची सहा अंकांची मालिका. लेखक जिम स्टारलिन. चित्रं पहिले तीन अंक आणि चौथ्याचा काही भाग जॉर्ज पेरेझ यांची, पुढची रॉन लिम यांची. चौथ्या अंकात मध्येच चेहऱ्यांची ठेवण बदलल्यासारखी वाटते ती त्यामुळे. रत्नं मिळवण्याची गोष्ट १९९०च्या ‘थॅनॉस क्वेस्ट’ या दोन अंकांत आहे, आणि थॅनॉस मृत्यूच्या राज्यातून परत कसा येतो ते ‘सिल्व्हर सर्फर’ मासिकाच्या ३४व्या अंकापासून पुढे. म्हणून आधी ‘सिल्व्हर सर्फर’ ३४ ते ३८, मग ‘थॅनॉस क्वेस्ट’ १ आणि २, आणि त्यानंतर मुख्य सहा अंक असा क्रम ठेवा. हे आधीचे सात अंक ‘रीबर्थ ऑफ थॅनॉस’ या एकाच संकलनात मिळतात. ‘थॅनॉस क्वेस्ट’ मुळीच टाळू नका. एकेका रत्नाच्या मालकाला थॅनॉस शक्तीपेक्षा डोक्याने हरवतो, ते पाहिल्याशिवाय पुढचा थॅनॉस नीट कळत नाही.

सिनेमाची सवय झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या चुटकीवर २०१८चा सिनेमा संपतो, ती इथे पहिल्याच अंकात वाजते. उरलेले पाच अंक तिच्या परिणामांचे आहेत. शिवाय इथला थॅनॉस लोकसंख्येचा हिशेब करत नाही. तो मृत्यूच्या प्रेमात आहे. इथे मृत्यू हे एक स्त्री पात्र आहे, आणि ती त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही म्हणून विश्वातले निम्मे जीव तिच्या पायाशी वाहतो. ही कथा सिनेमापेक्षा जास्त एकाकी आहे आणि आमच्या मते जास्त खोलही.

प्रश्न : ‘सीक्रेट वॉर्स’ची पहिली मालिका जमवतो आहे. स्पायडरमॅनला काळा पोशाख आठव्या अंकात मिळतो. पण ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २५२व्या अंकावर मे १९८४ छापलं आहे आणि तिथे तो काळ्या पोशाखातच आहे. तारखेची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. या मालिकेची मांडणीच तशी होती. ‘मार्व्हल सुपर हिरोज सीक्रेट वॉर्स’ मे १९८४ ते एप्रिल १९८५ अशी बारा महिने चालली. लेखन जिम शूटर यांचं, चित्रं प्रामुख्याने माइक झेक यांची, मधले दोन अंक बॉब लेटन यांचे. कथेत बियाँडर नावाची शक्ती नायकांना आणि खलनायकांना एका परक्या ग्रहावर लढायला नेते. नायकांच्या नेहमीच्या मासिक अंकांत मात्र ते एका महिन्यात गायब झाले आणि लगेच पुढच्या महिन्यात परतलेही. कोणाचा पोशाख बदललेला, फँटॅस्टिक फोरमध्ये थिंगच्या जागी शी-हल्क. वाचकाला बदल आधी दिसला आणि त्याचं कारण शोधायला वर्षभर दर महिन्याला मुख्य मालिका घ्यावी लागली. आठव्या अंकावर डिसेंबर १९८४ आहे, म्हणजे पोशाख दिसला त्यानंतर सात महिन्यांनी तो कुठून आला ते कळलं.

आठव्या अंकातलं ते पान सावकाश पाहा. फाटलेल्या पोशाखातला स्पायडरमॅन कपडे तयार करणारं यंत्र शोधत येतो आणि भलत्याच यंत्रापाशी उभा राहतो. यंत्रातून एक काळा गोळा त्याच्या हातावर येतो, पसरतो, बघता बघता अंगभर चढतो आणि छातीवर पांढरा कोळी उमटतो. तो खूश होतो. हा पोशाख म्हणजे जिवंत परजीवी आहे, हे तेव्हा त्याला ठाऊक नाही. त्यातूनच पुढे व्हेनम हा खलनायक घडला, जो ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३००व्या अंकात, १९८८ साली, पूर्ण रूपात समोर आला. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना एका वाचकाने पत्रातून पाठवली होती आणि मार्व्हलने ती २२० डॉलरला विकत घेतली होती.

मालिकेमागचं व्यापारी कारणही लपलेलं नाही. मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या नायकांची खेळणी काढायची होती आणि त्यांना जोडीला एक मोठी कथा हवी होती. तरी ती केवळ जाहिरात ठरली नाही. खलनायक डॉक्टर डूम सर्वशक्तिमान बियाँडरची शक्ती हिसकावून घेतो ते शेवटचे अंक आजही ताकदीचे वाटतात.

जुन्या तारखांबद्दल एक खुलासा. मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-तीन महिने पुढचा असे. विक्रेत्याने अंक शिळा समजून लवकर परत करू नये, हा त्यामागचा हेतू. अंक लावताना दोन्ही मालिकांचे छापील महिनेच एकमेकांशी ताडून पाहा. एकीकडे छापील महिना आणि दुसरीकडे विक्रीची तारीख धरली की सगळा क्रम दोन-तीन अंकांनी सरकतो.

प्रश्न : डीसीचा ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ नवख्याने वाचावा का?

उत्तर : वाचावा, पण पहिलं कॉमिक म्हणून नको. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या या बारा अंकांत (एप्रिल १९८५ ते मार्च १९८६) शेकडो पात्रं आहेत आणि पानापानावर चौकटींची दाटी आहे. १९६१ साली ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात दोन वेगळ्या जगांतले फ्लॅश भेटले, तेव्हापासून डीसीच्या समांतर पृथ्व्या वाढत गेल्या होत्या. त्या सगळ्यांची एकच पृथ्वी करायची हे या मालिकेचं काम होतं. तो १२३वा अंक आधी वाचा, बरंचसं कोडं तिथेच सुटेल. मग दिवसाला एकच अंक घ्या. सातव्या अंकात सुपरगर्ल जाते आणि आठव्यात बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश. शत्रूची तोफ मोडण्यासाठी तो धावतच राहतो आणि धावता धावता त्याचं शरीर झिजत जातं. त्यानंतर वीसहून जास्त वर्षं डीसीने त्याला कायमचं परत आणलं नाही, म्हणून त्या मरणाला वजन आहे.

प्रश्न : ‘सिव्हिल वॉर’ची जोडलेली पुस्तकं मोजता मोजता थकलो. नेमकं काय घ्यावं?

उत्तर : मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची सात अंकांची मुख्य मालिका (२००६-०७) पुरेशी आहे. स्टॅमफर्ड शहरात एका चकमकीत शाळकरी मुलांसह सहाशेहून जास्त माणसं मरतात, सरकार नायकांच्या नोंदणीचा कायदा करतं, आणि आयर्न मॅन व कॅप्टन अमेरिका समोरासमोर येतात. आणखी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे ५३२ ते ५३८ हे अंक घ्या. मुख्य पहिला अंक झाल्यावर ५३२, मग मुख्य दुसरा, मग ५३३ असं वाचा. मुख्य दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. त्याआधी घरात मे काकू आणि बायको मेरी जेनशी त्याचं काय बोलणं झालं, ते ५३२मध्ये आहे. ते वाचल्यावर शेवटचं पान वेगळंच लागतं. ‘कॅप्टन अमेरिका’ २५ सातव्या अंकाआधी उघडू नका, मोठ्या कथेचा शेवट त्यातून आधीच फुटतो.

प्रश्न : ‘ब्लॅकेस्ट नाइट’चा मुख्य खंड वाचला, मग ‘ग्रीन लँटर्न’चा खंड. दोन्हींत कथा तुटक वाटली. काय चुकलं?

उत्तर : तुम्ही काही चुकलात असं नाही, खंडांची विभागणीच अडचणीची आहे. जेफ जॉन्स यांनी डीसीच्या या क्रॉसओव्हरची मुख्य मालिका (चित्रं आयव्हन राइस) आणि ‘ग्रीन लँटर्न’ मासिक २००९-१० मध्ये एकाच वेळी लिहिलं. प्रसंग एका अंकात सुरू होतो आणि दुसऱ्या मालिकेच्या अंकात पुढे जातो. पुस्तकं काढताना मात्र मालिकेनुसार वेगळी केली गेली. सलग एकच खंड वाचला की निम्म्या लढाया न दाखवताच संपल्यासारख्या वाटतात.

दोन्ही खंड शेजारी ठेवा, दोन खुणा घाला आणि असे वाचा. आधी ‘ग्रीन लँटर्न’ ४३. हा ब्लॅक हँड या खलनायकाचा अंक, फार अस्वस्थ करणारा आणि फार चांगला. मग मुख्य १, ग्रीन लँटर्न ४४. मुख्य २, ४५. मुख्य ३, ४६. मुख्य ४, नंतर ४७ आणि ४८ सलग. मुख्य ५, ४९. मुख्य ६, ५० आणि ५१. मुख्य ७, ५२. शेवटी मुख्य ८. सर्वांत जास्त नुकसान ५२वा अंक चुकल्याने होतं. मुख्य सातव्याच्या शेवटी सिनेस्ट्रोच्या, म्हणजे ग्रीन लँटर्नच्या जुन्या शत्रूच्या, हाती पांढरा प्रकाश येतो आणि त्याची खरी झुंज ५२मध्ये आहे. तो न वाचता आठवा उघडला तर पानंच गळाली आहेत असं वाटतं. याच कथेचा तिसरा खंड, ‘ग्रीन लँटर्न कोअर’चा, नंतर सावकाश वाचला तरी चालेल.

प्रश्न : ‘एक्स-क्युशनर्स साँग’ची मुख्य मालिका कोणती?

उत्तर : अशी मालिकाच नाही. एक्स-मेनची १९९२-९३ची ही बारा भागांची कथा चार मासिकांतून फिरत जाते, ‘अनकॅनी एक्स-मेन’ २९४, ‘एक्स-फॅक्टर’ ८४, ‘एक्स-मेन’ १४, ‘एक्स-फोर्स’ १६. हाच फेरा त्याच क्रमाने आणखी दोनदा, दर वेळी प्रत्येकाचा पुढचा अंक. सुटा अंक घेतला तर कळणार काहीच नाही, बाराही घ्या किंवा संकलन घ्या.

प्रश्न : मार्व्हल आणि डीसीचे नायक एकमेकांना खरोखर भेटले आहेत का?

उत्तर : हो. १९७६मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅनचा मोठ्या आकाराचा अंक आला. १९९६च्या ‘डीसी व्हर्सेस मार्व्हल’च्या चार अंकांत पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर ठरला. सुपरमॅनने हल्कला, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकेला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, वुल्व्हरीनने लोबोला आणि स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं. मतांवर निकाल लावल्याने काही लढती चार पानांतच आटोपतात, ही तिची उणीव.

खरा ऐवज म्हणजे कर्ट ब्युसिक आणि पेरेझ यांचं ‘जेएलए/अॅव्हेंजर्स’ (२००३-०४, चार अंक; जेएलए म्हणजे डीसीचा जस्टिस लीग ऑफ अमेरिका हा संघ). हीच भेट १९८०च्या दशकात ठरून मोडली होती आणि तेव्हाही चित्रकार पेरेझच होते. वीस वर्षांनी मिळालेल्या संधीत त्यांनी तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही संघांतले तोवरचे सगळे सदस्य एकत्र काढले. ते आजारी असताना, २०२२ साली, गरजू कॉमिक्स कलाकारांना मदत करणाऱ्या ‘हिरो इनिशिएटिव्ह’साठी या पुस्तकाच्या फक्त ७,००० प्रती पुन्हा छापल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पेरेझ गेले. जुनी प्रत रास्त भावात दिसली तर सोडू नका.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. ऐंशीच्या दशकातले अंक पावसाळ्यात पिवळे पडतात, पिनाही गंजतात. काय करावं?

उत्तर : तो कागद वृत्तपत्री, त्यातल्या आम्लामुळे तो मुळातच पिवळा पडतो. दमट हवेत ते लवकर होतं. प्रत्येक अंक पॉलिप्रोपिलीन किंवा मायलारच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. पुठ्ठ्याची चकचकीत बाजू अंकाकडे हवी, आम्ल शोषणारा थर त्या बाजूला असतो. साधी पॉलिप्रोपिलीन पिशवी काही वर्षांनी बदला. अंक खोक्यात उभे ठेवा, पण इतके सैल नको की वाकतील आणि इतके घट्टही नको की काढताना कोपरे दुमडतील. खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला त्या बदला किंवा वाळवून घ्या. गंजलेली पिन ओढून काढू नका, तिच्याभोवतीचा कागद कुजलेला असतो आणि मधलं पान हातात येतं. अंक आधीच ओलसर असेल तर पिशवीत घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस पंख्याच्या हवेत, उन्हापासून दूर, उघडा ठेवा. ओल आत कोंडली तर बुरशी आतूनच धरते.