माझ्या पॅलाडिनचं काय होणार?

प्रश्न: दादा, आम्ही पाच जणं धरमपेठेत दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, आपापलं पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, एकच कॅम्पेन, म्हणजे एकच लांबलचक गोष्ट, तीन वर्षं चालू आहे. २०२४ च्या नवीन नियमांनी माझ्या पॅलाडिनचा (दैवी शक्तीनं लढणारा योद्धा) स्माइट, म्हणजे वार बसला की द्यायचा जादा दणका, पार बोथट करून टाकला म्हणे, अन् आमचा डीएम (खेळ चालवणारा) म्हणते आता तेच खेळायचं. काय करू?

उत्तर: अरे भाऊ, काऊन घाबरून राहिला! बोथट नाही, लगाम लागला. २०१४ च्या नियमांत एका टर्नला (पाळीला) दोन वार बसले की दोन्हीवर स्माइट टाकता यायचा, आता तो स्पेल (मंत्र) झाला अन् बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा झटपट कृती) खातो, म्हणजे टर्नला एकदाच. मला विचारशील तर बरंच झालं, बॉस पहिल्याच फेरीत आडवा अन् बाकीचे चौघं तर्री-पोहे खात बसले, यात काय मजा? शिवाय क्युअर वूंड्स या जखमा भरायच्या स्पेलला आता आठ बाजूंचा एक फासा नाही, दोन टाकायचे. औषधाची बाटलीसुद्धा बोनस ॲक्शनमध्ये पिता येते (मग त्या टर्नला स्माइट विसर). कॅम्पेन मोडायची गरज नाही, जुनी गोष्ट नवीन नियमांवर चालते. फक्त पात्र अर्धं जुनं अर्धं नवं नको, दर वारावर भांडणं होतात. डीएमला म्हणा, एक रविवार ट्रायल घेऊ, मग ठरवू.