शॉर्ट रेस्ट म्हणजे चहाची सुट्टी नाही

प्रश्न असा आलाय: "ऑफिसातल्या मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला लागलेय, दोन रविवार झाले, पण अर्धं बोलणं डोक्यावरून जातं. डीएम, एनपीसी, सेव्ह, लेव्हल हे सगळं पाठ करायचं का? आणि ह्यांना धड मराठी शब्द आहेत का?"

पाठबिठ करू नका. हा खेळ म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची. डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा, आणि एनपीसी म्हणजे त्याच्या तोंडून बोलणारी बाकीची सगळी पात्रं, खानावळवाल्यापासून राजापर्यंत, हे एकदा सांगितलं की झालं. असले शब्द अनोळखी असतात म्हणून आपण लगेच विचारतो. घोळ होतो तो आपल्याला येतात असं वाटणाऱ्या शब्दांचा. माझ्या पहिल्याच खेळात मारामारी संपल्यावर डीएमनं विचारलं, "शॉर्ट रेस्ट घेताय का?" मी हो म्हणून उठलो आणि सरळ चहाचं आधण ठेवलं. शॉर्ट रेस्ट म्हणजे आपल्या पात्रांनी गोष्टीतल्या गोष्टीत तासभर बसून जखमा बांधायच्या, हे मला चहा उकळल्यावर कळलं. (चहा सगळ्यांनी प्यायला ते सोडा.)

तसंच बोनस अ‍ॅक्शनचं. बोनस म्हटलं की आपल्याला दिवाळी आठवते, म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळणार. इथे ती म्हणजे आपल्या पाळीत करायची एक छोटी जादा कृती, आणि तुमच्या पात्राकडे त्यासाठी वेगळी काही युक्ती किंवा मंत्र असेल तरच बोनस अ‍ॅक्शन आहे, नसेल तर नाही. इनिशिएटिव्ह हा शब्द ऑफिसात अप्रेझलला ऐकलेला, तिथे तो आपण घ्यायचा असतो, इथे तो म्हणजे कोणाची पाळी आधी हा क्रम आणि तो फासा ठरवतो, आणि डीएम "इनिशिएटिव्ह रोल करा" म्हणाला की समजायचं आता हाणामारी सुरू. मग राउंड, म्हणजे गोष्टीतले ६ सेकंद, त्या ६ सेकंदांत सगळ्यांची टर्न येऊन जाते आणि आमच्याकडे त्याला अर्धा तास सहज लागतो कारण एक भिडू दरवेळी सगळे मंत्र पहिल्यापासून वाचतो.

सेव्हचा मोबाइलमधल्या सेव्हशी काही संबंध नाही. पूर्ण शब्द सेव्हिंग थ्रो, म्हणजे वाचण्यासाठी टाकलेला फासा. तुमच्या अंगावर फायरबॉल, म्हणजे मंत्रानं फेकलेला आगीचा गोळा, आला तर आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा, जमलं तर निम्मं नुकसान, नाही जमलं तर पूर्ण. ते नुकसान "८डी६" असं लिहितात, ह्यातला डी म्हणजे डाइस, सहा बाजूंचे आठ फासे टाकून बेरीज करायची. ही खूण एकदा डोळ्यांना सवयीची झाली की पुस्तकाचं निम्मं पान आपोआप वाचता येतं, म्हणून पहिल्यांदा हीच शिका असं मी म्हणेन.

लेव्हल मात्र खरंच वाईट आहे, त्यात तुमची चूक नाही. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला, म्हणजे जादूगाराला, तिसऱ्या लेव्हलचे मंत्र मिळतात, ह्या वाक्यात लेव्हल दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा, पहिली पात्राची, दुसरी मंत्राची. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढला, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात गायगॅक्सनं स्वतःच लिहिलंय की पात्रासाठी रँक, मंत्रासाठी पॉवर, राक्षसांसाठी ऑर्डर असे वेगवेगळे शब्द वापरायचा विचार होता, पण तोवर लेव्हल सगळ्यांच्या तोंडी बसलेला. मी नवीन माणसाला शाळेच्या भाषेत सांगतो, पाचवीतल्या मुलाला तिसरीचा फायरबॉल येतो. लगेच कळतं.

आता मराठी शब्दांचं. कॅम्पेनला, म्हणजे कित्येक बैठका चालणाऱ्या एका लांबलचक गोष्टीला, मोहीम अगदी चपखल आहे, कारण दोन्ही लष्करातलेच शब्द आणि हा खेळही मुळात युद्धखेळांतूनच निघालेला. पार्टीला, म्हणजे आपल्या पात्रांच्या टोळीला, भिडू. डंजनला लोक तळघर, अंधारकोठडी वगैरे म्हणतात, खेळातला अर्थ तोच, पण शब्दाचं मूळ मजेशीर आहे. फ्रेंच दाँजाँ म्हणजे किल्ल्यातला मुख्य बुरूज, धन्याची राहायची जागा, म्हणजे आपला बालेकिल्लाच म्हणा ना, इंग्रजीत येऊन तो जमिनीखाली गेला. त्यामुळे डंजन मास्टरला मी किल्लेदार म्हणतो, अजून कोणी मनावर घेतलेलं नाही. १९७४ च्या मूळ नियमांत तर डंजन मास्टर हा शब्दच नव्हता, तिथे तो साधा रेफरी होता. दुसऱ्या खेळांत त्याला गेममास्टर, कीपर, स्टोरीटेलर असं काहीही म्हणतात, काम साधारण तेच.

बाकी नियमांच्या पुस्तकातले शब्द आहेत तसेच ठेवा, भाषांतर केलंत तर टेबलावर कोणालाच कळणार नाही. क्रियापदं मराठी राहतातच. आमच्यात "सेव्ह मार", "किती पडले?" असंच चालतं. हे पडणं आपलं जुनंच आहे, सारीपाटात दान पडतं, फासे उलटे पडतात. एक डाइस की एक डाय ह्या वादातही पडू नका, आपल्याकडे एक फासा, दोन फासे आहे.

नॅट ट्वेंटीला, म्हणजे फाशावर चक्क वीस येण्याला, मी एक शब्द सुचवलेला. सारीपाटाच्या लांबट फाशांवर १, २, ५, ६ असतात, तीन फाशांवर ६, ६ आणि १ आले की ते उत्तम दान, पो म्हणजे एक आणि वर बारा, पोबारा. हिंदीत पौ बारह म्हणजे अजूनही नशीब फळफळणं, मराठीत मात्र पोबारा करणं म्हणजे धूम ठोकणं. म्हणून माझा शब्द टेबलावर हाणून पाडला. पण गेल्या रविवारी एकीच्या सलग दोन सेव्हना फाशावर एकच पडला, समोर ड्रॅगन, सगळ्यांचं रक्त संपत आलेलं, आणि तीच म्हणाली, "पोबारा करू या का? मराठीतला."