पहिल्या पगारात ऑफिसचे कपडे

एकदम ढीगभर घेऊ नका. दोन पँट, एक काळी आणि एक बेज, नि दोन्हींवर चालतील असे चार कुर्ते. सुरुवातीला एवढं पुरतं.

ठाण्यात गोखले रोड किंवा राम मारुती रोडवर रेडीमेड घेताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. खाली ओघळत असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या; खांदा उचलायला बाही उसवावी लागते आणि त्याची मजुरी परवडत नाही. कंबर आणि लांबी मात्र थोडक्यात बसवून मिळते. कुर्ता उलटा करून बाजूला अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, आहे ना, हेही पाहा. माया नसेल तर पुढे सैल करता येत नाही.

कुर्ता शिवून घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर सुती कापड पुरतं. शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. सुती अस्तरही भिजवा. ते भिजवायचं राहिलं की पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, वरचं कापड घेराशी फुगतं, आणि मग कितीही इस्त्री फिरवा, ते बसत नाही.

नेव्ही आणि काळा दुकानातल्या दिव्यात सारखेच दिसतात, दारात आणून पाहा. पावसाळ्यासाठी एक पँट पॉलिस्टर-व्हिस्कोसची, घोट्याच्या वर राहील अशी घ्या. सुती भिजली की एसीत दुपारपर्यंत ओलीच. ओढणी लोकलच्या गर्दीत पिशवीतच बरी.