शेअर बाजाराचे माझे अंदाज बरोबर येतात. मग मार्जिनवर ट्रेडिंग सुरू करू का?

तुमचा प्रश्न असा: काही महिन्यांपासून तुम्ही रोज बाजार बंद झाल्यावर निफ्टी या निर्देशांकाची नोंद ठेवता, पुढच्या हालचालीचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, हाताशी दोन लाख आहेत, तर एमटीएफवर (थोडे पैसे आपले, बाकी ब्रोकरकडून व्याजाने) शेअर किंवा निफ्टी फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा; पूर्ण रकमेऐवजी मार्जिन म्हणजे थोडी अनामत भरून) घ्यावं का?

नोंदी जरूर ठेवा. उधारीवर उतरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा अंदाज कच्चा असेल म्हणून मी हे म्हणत नाही. अंदाज खरा ठरूनही पैसे जातात, तेवढ्यासाठी म्हणतोय.

जून २०२४ चा पहिला आठवडा तुमच्या वहीत असेल तर काढून बघा. एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. ४ तारखेला लोकसभेची मतमोजणी सुरू झाली आणि निर्देशांक घसरत २१,२८१ पर्यंत गेला, बंद झाला २१,८८४ ला. जवळपास सहा टक्के एका दिवसात. आणि ७ तारखेला, म्हणजे फक्त तीन सत्रांनी, बंद भाव होता २३,२९०. ३ तारखेला 'बाजार वर जाणार' असं लिहिणाऱ्याचा अंदाज शुक्रवारी बरोबर निघाला.

आता त्याच माणसाने फ्युचरचा एक लॉट (सौद्याचं ठरलेलं किमान एकक) घेतला असता तर? फ्युचरचा भाव थोडा वेगळा असतो, पण हिशोबापुरते निफ्टीचेच आकडे धरू. तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे सौदा सुमारे ५ लाख ८२ हजारांचा. मार्जिन १५ टक्के धरलं तर ८७ हजार. दिवसाच्या तळाला तोटा सुमारे साडेएकोणपन्नास हजार! खात्यात मार्जिनपुरतीच रक्कम असती, तर ब्रोकरकडून आणखी पैसे भरण्याचा निरोप आला असता, नाहीतर सौदा तिथेच कापला गेला असता. रोखीने इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) घेऊन बसलेल्याला मात्र तीन दिवस नुसतं थांबायचं होतं. फरक अक्कलहुशारीचा नव्हता, थांबण्याची मुभा कोणाला होती एवढाच होता. लिव्हरेज घेतलं, म्हणजे थोड्या पैशांवर मोठा सौदा केला, की ही मुभा तुमच्या हातून ब्रोकरच्या रिस्क विभागाकडे जाते, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही. पैसे त्यांचे असतात.

'मी स्टॉप लॉस लावीन' (म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना) असं बहुतेक जण म्हणतात. चालू बाजारात तो उपयोगी पडतो, रात्रीतून काही घडलं तर नाही. ४ एप्रिल २०२५ च्या शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. शनिवार-रविवार जगभर अमेरिकेच्या आयातशुल्काची भीती वाढत गेली आणि सोमवारी बाजार उघडलाच २१,७५८ ला. तुम्ही २२,७०० ला स्टॉप लावला असता तरी सौदा सुटला असता तो या उघडण्याच्या भावाच्या आसपास, कारण मधल्या भावांना व्यवहार झालाच नाही. तोवर लॉट ७५ चा झाला होता; एका लॉटमागे सुमारे ८६ हजार गेले असते. त्याच दिवशी बाजार तिथून चारशे अंकांनी सावरून २२,१६१ वर बंद झाला, म्हणजे स्टॉप लॉसने नेमकं तळाशी बाहेर काढलं असतं.

एमटीएफ त्यामानाने सौम्य दिसतं, कारण शेअर डिलिव्हरीत, म्हणजे प्रत्यक्ष विकत घेतलेले असतात. पण व्याज मोजा. दोन लाख तुमचे, सहा लाख ब्रोकरचे, आणि दर वर्षाला १२ टक्के धरला, तर वर्षाचं व्याज ७२ हजार. तुमच्या स्वतःच्या भांडवलावर ते ३६ टक्के पडतं. दिवसाला जवळपास दोनशे रुपये, सुट्टीचे दिवस धरून. शेअर वर्षभर जागचा हलला नाही तरी हे जाणारच. आणि दहा टक्के पडला, जे तिमाही निकालांच्या हंगामात मोठ्या कंपनीतही होतं, तर दोन लाखांतले ८० हजार गेले. ऋण काढून सण म्हणतात तो हाच.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिची आकडेवारी तुम्ही वाचली असेलच: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यातल्या पुष्कळांना बाजार रोज दिसत होता, समजतही होता असं मला वाटतं.

तुमच्या वहीबद्दल एक सुचवतो. बंद भाव, परदेशी संस्थांची खरेदी-विक्री, इंडिया व्हिक्स (बाजाराला किती चढउतार अपेक्षित आहे ते दाखवणारा निर्देशांक) हे तुम्ही लिहीत असालच. (व्हिक्स लिहीत नसाल तर सुरू करा, २०२४ च्या एप्रिलमध्ये तो १० च्या आसपास उतरला होता आणि मे संपताना २४ च्या वर होता. बाजार वादळ येणार म्हणून सांगत होता, दिशा तेवढी सांगत नव्हता.) त्याला आणखी एक रकाना जोडा: अंदाज खरा ठरण्याआधी भाव जास्तीत जास्त किती अंक उलटा गेला? ४ जूनसमोर तिथे १,९८२ येईल. हा रकाना वर्षभर भरा, प्रत्येक आकड्याला सध्याच्या लॉटने गुणा आणि दोन लाखांशेजारी ठेवून पाहा. 'बरोबर' म्हणून खूण केलेल्या किती नोंदींत खातं आधीच रिकामं झालं असतं, ते तुमच्याच अक्षरात दिसेल.

एवढं करूनही एमटीएफ घ्यायचंच ठरवलंत, तर ब्रोकरला व्याजदरासोबत हेही विचारा: मार्जिन कमी पडल्यावर पैसे भरायला किती वेळ देता, आणि कोणते शेअर आधी विकायचे हे कोण ठरवतं? उत्तर लेखी घ्या.