लिनक्सवर एडिटर कुठला घेऊ? डिप्लोमाच्या एका मुलाला उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं रे. तू कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, घरी ताईचा जुना 4 जीबी रॅमचा लॅपटॉप, विंडोज फार रखडायचं म्हणून मित्राने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलंय, आणि आता सीनियर म्हणतो विम हा एडिटर शिक नाहीतर स्वतःला प्रोग्रामर म्हणू नको, मामेभाऊ पुण्यात कंपनीत आहे तो म्हणतो व्हीएस कोड टाक, सगळे तेच वापरतात. तू दोन्ही टाकलंस, दोन्हीत कॉलेजचा सी प्रोग्राम चालला नाही, कोनिओ डॉट एच सापडत नाही असा एरर आला. म्हणून विचारतोयस की लिनक्ससाठी बरोबर एडिटर कुठला, आणि बाबा हप्त्यावर नवीन लॅपटॉप घ्यायचा म्हणतायत तर घ्यायचा का.

आधी त्या एररचं बोलू, कारण सगळं टेन्शन तिथून सुरू झालंय. तो एरर एडिटरचा नाहीच. एडिटर म्हणजे तुझी वही, त्यात फक्त लिहायचं. लिहिलेलं तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवतो तो कंपायलर, लिनक्सवर बहुतेक जीसीसी, आणि एरर तो देतोय. कॉलेजात तुम्ही टर्बो सी वापरताय, ते 1987 चं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यातलं, बोरलँड कंपनीचं. कोनिओ डॉट एच ही त्या डॉसवाल्या कंपायलरांची फाइल, सीच्या स्टँडर्डमध्ये ती कधीच नव्हती. तर ती ओळ काढून टाक, स्क्रीन पुसायची ओळ आणि शेवटचं गेटसीएच (बटण दाबेपर्यंत थांबवणारी ओळ) पण काढ, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिही आणि शेवटी रिटर्न शून्य. मग तोच प्रोग्राम तुझ्या कुठल्याही एडिटरमधून चालेल, करून बघ. अजून एक, तुमच्या पुस्तकात इंट 2 बाइटचा लिहिलंय आणि तुझ्या लॅपटॉपवर 4 येईल, त्याचं कारणही हेच आहे, टर्बो सी 16 बिटचा. हे व्हायव्हात विचारतात आणि कारण सांगू शकलास तर समोरच्याला लगेच कळतं की या मुलाने स्वतः चालवून बघितलंय.

व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफमध्ये आलेला प्रोग्राम कॉपी-पेस्ट केलास तर अजून एक भानगड होते, त्यातली अवतरणचिन्हं वाकडी, छापील असतात, कंपायलरला सरळ लागतात, मग 'स्ट्रे' आणि पुढे 342 असा काहीतरी एरर येतो आणि पोरं एडिटर बदलत बसतात. हाताने टाइप कर, खरंच सांगतो, पहिलं वर्षभर तरी सगळं हाताने टाइप कर.

आता एडिटर. तुझ्या लॅपटॉपला मी जीनी सांगेन. हलका आहे, 2005 पासून चालत आलाय, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फुकट मिळतो. एफ9 दाबलं की प्रोग्राम बिल्ड होतो, एफ5 ने चालतो, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की खालच्या पट्टीत त्याने जीसीसीला नेमकी काय कमांड दिली ती दिसते. ती कमांड बघ आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, स्वतः टाइप करून चालव, पहिल्या आठवड्यातच हे कर, कारण एडिटर कुठे संपतो आणि कंपायलर कुठे सुरू होतो हे एकदा डोक्यात बसलं की कुणी कुठलाही एडिटर समोर ठेवला तरी तू अडणार नाहीस.

व्हीएस कोड वाईट आहे असं अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये आणला, आणि स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या वेबसाइटच्या 2023 च्या सर्व्हेत 70 टक्क्यांहून जास्त डेव्हलपर तो वापरत होते, तेव्हा मामेभाऊ खोटं बोलत नाहीये. पण त्याच्या आत क्रोमसारखं आख्खं ब्राउझरचं इंजिन आहे, 4 जीबीमध्ये तो आणि बाजूला यूट्यूब असं चाललं की तुझा लॅपटॉप धापा टाकणार. शिवाय तो पुढचं पुढचं स्वतःच सुचवत राहतो. नोकरीत ते सोयीचं असतं पण तू अजून फॉर लूप शिकतोयस, आणि कॅम्पसच्या टेस्टला आणि प्रॅक्टिकलला सुचवायला कुणी नसतं. कंपनीत लागल्यावर व्हीएस कोड दोन दिवसात हातात बसेल, त्याची आत्तापासून तयारी लागत नाही.

विमबद्दल मात्र थोडं जास्त सांगतो, कारण सीनियरने तुला घाबरवलंय. त्याचा पूर्वज व्हीआय, तो बिल जॉय यांनी 1976 मध्ये बर्कलीला लिहिला, तेव्हा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या लाइन इतक्या स्लो होत्या की कमीत कमी बटणात काम व्हायला हवं होतं, आणि त्यांच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण एच, जे, के, एल या बटणांवरच छापलेले होते. म्हणून विममध्ये कर्सर हलवायला आजही तीच बटणं आहेत, तुला छळायला कुणी केलेलं नाही. विम स्वतः 1991 चा, ब्रॅम मूलेनार यांचा, ते 2023 मध्ये गेले. विम उघडल्यावर युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्यांचीच, फुकट सॉफ्टवेअरच्या बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं.

विममध्ये प्रोग्राम लिहायलाच हवेत असं नाही, पण त्यात शिरून, एक ओळ बदलून, सेव्ह करून बाहेर पडता यायला हवं. कारण उद्या सपोर्टची, सिस्टिम ॲडमिनची किंवा डेव्हऑप्सची नोकरी लागली तर रिमोट सर्व्हरवर काळी स्क्रीन असते, माउस नसतो, आणि व्हीआय जवळपास प्रत्येक युनिक्स-लिनक्स मशिनवर असतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही सिस्टिम ॲडमिनची परीक्षा पण पूर्ण प्रॅक्टिकल असते, चालू मशिनवर फाइल बदलायच्या असतात. तर विम टाकलंसच आहे, टर्मिनलमध्ये विमट्यूटर असं लिही, अर्ध्या तासाचा धडा उघडतो, दर रविवारी एकदा असा महिनाभर कर. अडकलास तर एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर, सेव्ह न करता बाहेर. नॅनो त्याहून सोपा आहे, खाली नेहमीच्या कमांड दिसतात, तिथल्या टोपीसारख्या खुणेचा अर्थ कंट्रोल, एवढं कळलं की झालं. इमॅक्स हा अजून एक एडिटर, चांगलाच आहे पण तुला आत्ता त्याची गरज नाही.

एक एडिटर धरलास की आख्खं सेमिस्टर बदलू नकोस. थीम, प्लगइन, रंग यात मुलांच्या सुट्ट्या गेलेल्या मी बघितल्यात आणि मनापासून वाईट वाटतं, कारण त्या सुट्टीत पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट होऊन जातं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि सीचे मराठीतले व्हिडिओ फुकट आहेत, दहा-दहा मिनिटांचे, त्यातला एक बघायचा आणि तोच लगेच जीनीत करून बघायचा.

आणि बाबांना सांग, आत्ता हप्ता काढू नका. फायनल इयरच्या प्रोजेक्टपर्यंत हा लॅपटॉप पुरेल. त्याआधी एखाद्या रिपेअरच्या दुकानात नेऊन रॅमचा स्लॉट रिकामा आहे का ते समोर उघडून बघून घे, असेल तर अजून 4 जीबी टाक, नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदी थोडा येईल.