नाळेचं रक्त 75 हजारांचं, आणि मेडिक्लेम ऑफिसचा

भांडुपहून एका होणाऱ्या बाबांचं पत्र आलंय. वय 33, बायकोला सातवा महिना. चुलतभावाच्या सहा वर्षांच्या मुलीला मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, निघाला. रोज सकाळी उलट्या, चालताना तोल जायचा, घरचे पित्त पित्त म्हणत राहिले. आता परळला टाटामध्ये ट्रीटमेंट चालू आहे. त्यात सोनोग्राफीच्या वेटिंगमध्ये यांना स्टेम सेल बँकेची बाई भेटली, बाळाच्या नाळेचं रक्त आमच्याकडे जपून ठेवा, 75 हजार भरा, ब्रेन ट्यूमरसकट 80 आजारांची सोय. "एकरकमी भरू की ईएमआय घेऊ?" एवढाच प्रश्न. आणि खाली ता.क., बाळ झालं की जानेवारीत नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतोय, मेडिक्लेम ऑफिसचाच आहे, 3 लाखांचा.

अहो, खरं पत्र त्या ता.क.मध्ये आहे!

पण आधी तुमचा प्रश्न. एकरकमी नको, ईएमआय पण नको. मेंदूच्या काही ट्यूमरमध्ये जबर केमो देऊन नंतर मुलाच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, परत देतात, हे खरं आहे, पण त्या पेशी त्याच वेळी मुलाच्या रक्तातून काढतात, जन्माच्या वेळची नाळ लागत नाही. स्टॅनफर्डमध्ये डीआयपीजी नावाच्या अतिशय वाईट ट्यूमरवर कार-टीचे प्रयोग चालू आहेत, म्हणजे प्रतिकारपेशी बाहेर काढून, बदलून ट्यूमरवर सोडायच्या, त्यातही पेशी आजारी मुलाच्या रक्तातल्याच. "वीस वर्षांत रिसर्च कुठे जाईल बघा" असं ती बाई म्हणाली ना? रिसर्च जातोय, पण ट्यूमरच्या जीन्सकडे जातोय. 2012 मध्ये मेडुलोब्लास्टोमाचे चार गट ठरले, त्यातल्या डब्ल्यूएनटी गटाची बहुतेक मुलं बरी होतात, ग्रुप 3 ची गोष्ट फार अवघड. त्याच वर्षी डीआयपीजीमागचा हिस्टोनचा (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाचा) बिघाड सापडला आणि त्यावर अमेरिकेत पहिलं औषध मंजूर व्हायला 2025 उजाडलं. यात तुमच्या फ्रीझरमधल्या पिशवीचं काम कुठेच नाही. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघंही अशा खासगी बँकिंगची शिफारस करत नाहीत. 75 हजार 7 टक्क्यांनी 20 वर्षांत 2 लाख 90 हजार होतात, बाकी तुम्ही बघा.

आणि एक, बहुतेक मुलांमध्ये हा आजार का झाला ते सांगताच येत नाही. अंगभूत जनुकीय दोष साधारण दहातल्या एकात सापडतो. म्हणजे वहिनींनी मोबाइल जवळ ठेवला वगैरे घरात जे चाललं असेल ते बंद करा.

आता ता.क. चुलतभावाकडे काय चाललंय ते तुम्हीच बघताय. ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशन, मग कित्येक महिने केमो, म्हणजे वर्ष गेलं, आणि आईबाबांपैकी एकाची कमाई बंद. पुढे ऐकू कमी येणं, हार्मोन्स, अभ्यासात मागे पडणं, यासाठी वर्षानुवर्षं फॉलो-अप. खासगीत 20 लाख धरा. तुमच्याकडे 3, तेही जानेवारीत शून्य, कारण राजीनामा दिला की ग्रुप पॉलिसी संपली. आजार निघाल्यावर नवी पॉलिसी मागायला गेलात तर कोण देणार? आणि दिली तरी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावतात.

म्हणून आजच, डिलिव्हरीच्या आधी, तुम्हा दोघांचा 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच मेडिक्लेम) आणि वर 40 लाखांचा सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च त्या 10 लाखांवर गेला की पुढचा भरणारा) घ्या, वर्षाला 20-25 हजार जातील, सध्या जीएसटीही नाही. बाळ त्यात कधी घालता येतं ते लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांनंतर. ते नाव चढेपर्यंत राजीनामा देऊ नका, म्हणजे जानेवारी विसरा, एप्रिल धरा.

आणि पत्रात तुम्ही लिहिलेल्या, मामांनी काढून दिलेल्या त्या एंडोमेंट पॉलिसी, विमा आणि बचत एकत्र! वर्षाला 90 हजार, 20 वर्षांनी "डबल", हातात 31 लाख म्हणताय. भरणार 18 लाख, म्हणजे 31 हे डबलही नाही. मामांचं डबल म्हणजे 5 टक्के हो. कव्हर 18 लाख आणि होम लोन 45 लाख, उद्या तुम्हालाच काही झालं तर बाळाचा फ्लॅट कोण फेडणार? तीन हप्ते गेलेत, पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची होऊन राहते, आणि दीड कोटीची टर्म, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या, 20 हजारांच्या आतबाहेर बसेल. टर्मचा फॉर्म नोकरी असतानाच भरा, सॅलरी स्लिप असली की इन्कम प्रूफची कटकट नाही. पेड-अपचं मामांना टर्म पॉलिसी हातात आल्यावरच सांगा.