बाबांच्या गालाच्या कॅन्सरसाठी दोन एकर विकून प्रोटॉन थेरपी घ्यावी का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, बाबांचं वय साठीच्या आसपास, तरुणपणापासून खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता डॉक्टरांनी तीस दिवस रेडिएशन सांगितलंय. मोबाईलवर मात्र रोज नव्या संशोधनाच्या बातम्या येतात: प्रोटॉन, सेकंदाच्या आत होणारं रेडिएशन, पाचच दिवसांचा कोर्स. मग आमच्याच माणसाला जुनं तीस दिवसांचं का, आणि दोन एकर विकून त्यांना मुंबई किंवा चेन्नईला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, मी विदर्भातल्याच एका रुग्णालयात लिनॅकवर, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनवर, टेक्नॉलॉजिस्ट आहे. डॉक्टर नाही. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, मास्क बसवायचा, स्कॅन जुळवायचा आणि मशीन चालवायची, हे माझं रोजचं काम. बाबांचे रिपोर्ट ज्यांनी पाहिलेत त्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. पण गोष्ट शेत विकण्यापर्यंत आली आहे म्हणून हातचं न राखता सांगतो. प्रोटॉनसाठी शेत विकू नका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तोंडाच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये जे खरोखर कामाचं निघालं, त्यातलं बहुतेक सगळं नागपूर-वर्धा पट्ट्यात मिळतं.

प्रोटॉनचं आधी. साधी क्ष-किरणं गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या चांगल्या भागालाही थोडा डोस देतात. प्रोटॉनचा कण ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडे जवळपास काही जात नाही. लहान मुलांचे कॅन्सर, कवटीच्या तळाशी किंवा मणक्याला चिकटलेल्या गाठी, यांत त्याचं मोल फार मोठं आहे, आणि अशा मुलाच्या आईवडिलांना मी स्वतः सांगेन की नक्की चौकशी करा. भारतात चेन्नईला अपोलोमध्ये २०१९ पासून आणि टाटाच्या खारघरच्या केंद्रात २०२३ पासून ही सोय आहे. पण महाग मशीन म्हणजे जास्त चांगला निकाल, असं दरवेळी होत नाही. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरमध्ये प्रोटॉन आणि नेहमीचं रेडिएशन समोरासमोर ठेवून अमेरिकेत पार्टिकॉल नावाची चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निकाल मांडले गेले, तेव्हा रुग्णांच्या त्रासात आणि आजार आटोक्यात राहण्यात दोन्हीकडे फरक दिसला नाही. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं आयुष्य प्रोटॉनने वाढतं, असं कुठल्या मोठ्या चाचणीने दाखवल्याचं मी वाचलेलं नाही.

सेकंदाच्या आत होणारं जे रेडिएशन तुम्ही वाचलं, त्याला फ्लॅश म्हणतात. नेहमीचा डोस मिनिटांत जातो, इथे तो सेकंदाच्या छोट्याशा अंशात जातो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की गाठीवर परिणाम तेवढाच होतो, पण चांगल्या पेशी कमी भाजतात. माणसावर पहिल्यांदा हे २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये झालं, त्वचेवरच्या एका गाठीसाठी. नंतर अमेरिकेत सिनसिनाटीला हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दहा रुग्णांवर करून पाहिलं. मला स्वतःला या संशोधनाबद्दल फार उत्सुकता आहे. पण आज कुणी तुमच्या बाबांना फ्लॅश देतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

आता पाच दिवसांचा कोर्स. ही बातमी खरी आहे, आणि खेड्यातल्या माणसासाठी गेल्या दशकातली ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इंग्लंडमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ४०९६ रुग्णांवर फास्ट-फॉरवर्ड नावाची चाचणी झाली. तीन आठवड्यांत पंधरा वेळा द्यायचं रेडिएशन एकाच आठवड्यात पाच वेळा दिलं. पाच वर्षांनी त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत २.१ टक्के होतं, पाच दिवसांच्या दोन गटांत १.७ आणि १.४ टक्के. म्हणजे आजार रोखण्यात नवी पद्धत मागे पडली नाही. प्रोस्टेटमध्येही पेस-बी चाचणीत पाच मोठे डोस आणि चार ते आठ आठवड्यांचा कोर्स यांचे निकाल सारखेच आले. कापूस वेचायच्या दिवसांत घरची बाई तीन आठवडे नागपुरात अडकणार की एकच, हा आपल्याकडे उपचार घेणार की सोडणार याचा फैसला करणारा प्रश्न असतो.

मग बाबांना पाच दिवस का नाहीत? तोंडाची आतली कातडी, लाळेच्या ग्रंथी, जबड्याचं हाड, गिळण्याचे स्नायू हे सगळं एवढ्याशा जागेत दाटलेलं असतं. एका वेळचा डोस वाढवला की या भागांचं कायमचं नुकसान वाढतं. जबड्याचं हाड मेलं तर ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्येही दिवस कमी करण्याचा प्रयत्न चालू आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिप्नो चाचणीत तेहेतीसऐवजी वीस वेळा रेडिएशन दिलं आणि निकाल तोडीस तोड निघाले. पण ते रुग्ण ऑपरेशन न झालेले होते. ऑपरेशननंतर मात्र साठ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस, सोमवार ते शुक्रवार, तीस वेळा, सहा आठवडे, हेच आजही पक्कं मानतात. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही जुनाट दिलेलं नाही.

तुमच्या बाबांच्या कामाचं संशोधन कोणतं, ते आता सांगतो.

पहिलं म्हणजे आयएमआरटी. यात किरणांची ताकद प्रत्येक कोनातून कमी-जास्त करतात, त्यामुळे डोसचा आकार गाठीच्या जागेसारखा होतो आणि लाळेच्या ग्रंथी वाचवता येतात. इंग्लंडच्या पारस्पोर्ट चाचणीत घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना वर्षभरानंतरही त्रासदायक कोरड होती, आयएमआरटीत ३८ टक्के. टाटामध्येही याच पद्धतीने लाळेचा त्रास कमी झाल्याचं दिसलंय. तोंड कोरडं पडणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याला पाण्याशिवाय भाकरीचा घास गिळता येत नाही त्याला विचारा. म्हणून तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: बाबांना आयएमआरटीने देणार का, आणि दुसऱ्या बाजूची लाळेची ग्रंथी वाचवता येईल का?

(विषय निघालाच म्हणून सांगतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांवर टाटाने पार्सर नावाची चाचणी केली. तिथे रोज स्कॅन जुळवून दिलेल्या आयएमआरटीमुळे तीन वर्षांनी आतड्याचा त्रास ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला. आपल्या मुंबईत झालेलं काम आहे हे. गावात कुणाला लागलं तर सांगा.)

मास्कबद्दल बाबांना आधीच समजावून ठेवा, कारण घाबरून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकली की मऊ पडते. ती चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढून खालच्या पाटाला अडकवतो. कोमट ओल्या फडक्यासारखं लागतं, काही मिनिटांत कडक होते आणि चेहऱ्याचा साचा तयार होतो. श्वास मोकळा घेता येतो. "बाबू, याच्यात जीव घाबरते ना," असं एक आजोबा म्हणाले, तेव्हा आम्ही त्यांना मास्क लावून नुसतं पडू दिलं, मशीन चालू केलीच नाही. दुसऱ्या दिवशी ते शांत झोपले. आत कॅमेरा आणि माइक असतो, बाबांनी हात वर केला की आम्ही लगेच थांबतो. किरणं चालू असताना दुखत नाही, चटका बसत नाही.

याच मास्कवरून आम्हाला आणखी एक गोष्ट कळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि डोस ठरल्या जागी बसेनासा होतो. रोजच्या स्कॅनमध्ये ते दिसतं. मग नवा मास्क, नवा सीटी स्कॅन आणि नवं प्लॅनिंग करावं लागतं. आता संगणक स्वतःच अवयवांच्या कडा आखून देतो, त्यामुळे पूर्वी काही दिवस खाणारं प्लॅनिंग बरंच लवकर होतं. मोठ्या शहरांतल्या काही मशीनवर तर पेशंट टेबलावर असतानाच प्लॅन बदलतात. पण बाबांचं वजन टिकवणं हे कुठल्याही मशीनपेक्षा सोपं आणि स्वस्त आहे. तिखट बंद, ठेचा बंद. पातळ वरण, मुगाची खिचडी, ताक, अंडी, दूध, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्या. गिळणं फारच जड झालं तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नका, ती काही आठवड्यांपुरती असते. तोंड फार सोलून निघू नये म्हणून कमी ताकदीच्या लेझरचा उपयोग होतो, हे संशोधनात सिद्ध झालंय. तुमच्या रुग्णालयात आहे का ते विचारा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. कोर्स मध्येच तोडू नका.

आपल्याकडे काय होतं ते मी दरवर्षी बघतो. अर्धा कोर्स होतो, तोंड आलेलं असतं, तेवढ्यात पोळा येतो. माणूस दोन दिवसांसाठी म्हणून गावी जातो आणि दहा दिवसांनी उगवतो, किंवा येतच नाही. सोयाबीन काढायला आलं की तेच. निंदण अर्धवट सोडलं की तण दुप्पट जोमाने वर येतं, तसंच उरलेल्या कॅन्सरच्या पेशींचं होतं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये कोर्स एक दिवस लांबला तर आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. दहा दिवसांचा हिशोब तुम्हीच करा.

याची उलट बाजूही तपासून झाली आहे. डेन्मार्कमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १४७६ रुग्णांवर चाचणी झाली. डोस तोच, फक्त आठवड्यातून पाचऐवजी सहा वेळा, म्हणजे कोर्स एक आठवडा आधी संपला. पाच वर्षांनी मूळ जागी आणि मानेत आजार आटोक्यात असलेले लोक ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. हेच पुढे अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या ९०८ रुग्णांवर करून पाहिलं, निकाल २०१० मध्ये आले: ३० टक्क्यांवरून ४२ टक्के. नवी मशीन नाही, नवं औषध नाही, फक्त वेळ वाचवला. हे रुग्णही ऑपरेशन न झालेले होते, म्हणून बाबांना सहा दिवस द्या असा हट्ट धरू नका. पण वेळेची किंमत किती, ते यातून कळतं. मशीन बंद पडली किंवा सुट्टी आली तर तो दिवस कसा भरून काढणार, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. शनिवारी बोलावून किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन तो भरता येतो.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या तपासणीचा अंतिम रिपोर्ट काढून बघा. कापलेल्या कडेला कॅन्सर सापडला असेल, किंवा मानेतल्या गाठीचं कवच फोडून तो बाहेर आला असेल, तर रेडिएशनसोबत केमो देतात, बहुधा सिस्प्लॅटिन. किडनी कमजोर असली किंवा ऐकू कमी येत असलं तर ते चालत नाही, आणि पूर्वी अशा रुग्णांना नुसतं रेडिएशन द्यायचे. टाटाच्या डॉक्टरांनी अशा ३५६ रुग्णांपैकी अर्ध्यांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेल नावाचं केमोचं औषध थोडं थोडं दिलं. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे छापून आलं. त्यामुळे बाबांना सिस्प्लॅटिन झेपणार नाही असं कुणी सांगितलं, तर डोसिटॅक्सेलचं नाव तुम्ही स्वतः काढा.

पैशांचं बघू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात रेडिएशन बसतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे. खरा खर्च सहा आठवडे राहण्याचा, जेवणाचा आणि तुमच्या बुडालेल्या मजुरीचा. हातात पैसा असेल तर तो रुग्णालयाजवळ खोली घेण्यात घाला. रोज गावाहून ये-जा करणारी माणसं चौथ्या आठवड्यात मोडून पडतात.

खर्रा आजपासून बंद, पुडी घरात दिसता कामा नये. रेडिएशन चालू असताना तंबाखू चालू राहिला तर जखमाही नीट भरत नाहीत आणि उपचारही नीट लागू पडत नाही. आणि दातांच्या डॉक्टरांना आधी दाखवा. किडलेले दात रेडिएशनच्या आधीच काढावे लागतात आणि ती जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात. नंतर काढायला गेलात तर जबड्याच्या हाडाला धोका असतो.

ऑपरेशनची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. डिस्चार्ज कार्डावर ती असेल. तिथून सहा आठवड्यांच्या आत पहिलं रेडिएशन लागायला हवं, आणि मास्क, सीटी, प्लॅनिंग यातच आठवडा-दीड आठवडा जातो. मुंबई-चेन्नईची चौकशी करण्यात तेवढे दिवस घालवू नका, दातांचं आणि मास्कचं याच आठवड्यात उरका.